एस्तरक्काचा दुसरा पाय

एस्तरक्का गोड बाई नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या चर्चच्या व्हरांड्यात आता तिचा फोटो लागला आहे आणि त्याखाली 'प्रभूची नम्र सेविका' असं लिहिलं आहे. फोटो कुणाच्या तरी लग्नातला आहे. तिचा एकटीचा फोटो कुणाकडेच निघाला नाही, तेव्हा पंगतीच्या फोटोतून तिला कापून घेतलं. नीट बघितलं तर खालच्या कोपऱ्यात उष्ट्या ताटांच्या चळतीची कड दिसते. खालचा मजकूर मी लिहिला. चर्चच्या मंडळीचा चिटणीस म्हणून गेली वीस-बावीस वर्षं असले मजकूर मीच लिहीत आलोय, त्यामुळे त्यात खोटं किती असतं हे मला इतरांपेक्षा जरा जास्त कळतं.

नम्र वगैरे ती कधीच नव्हती. ती सगळ्यांची सेवा करायची आणि करता करता सगळ्यांना सोलून काढायची. मात्र सोलताना लहान-मोठं बघायची नाही, एवढं तिचं मान्य केलं पाहिजे.

हुमनाबादहून हळ्ळीखेडकडे जाताना वाटेत आमचं गाव लागतं. गावाच्या कडेला मिशनचं जुनं कंपाउंड, त्यात चर्च आणि आम्हा पंधरा-वीस घरांची वसाहत. ओढ्यापलीकडे वस्ती. चर्च दोघांचं मिळून एकच. खरं तर आमचे सगळ्यांचेच पणजोबा त्या वस्तीतून आले. ज्यांना मिशनच्या शाळेत चार बुकं मिळाली त्यांची मुलं मास्तर, कंपाउंडर, नर्स झाली आणि ओढा ओलांडून अलीकडे आली. ज्यांना मिळाली नाहीत ती तिकडेच राहिली. देवापुढे सगळे सारखे असं आम्ही दर रविवारी एका सुरात म्हणतो. म्हणताना कंपाउंडातले खुर्च्यांवर बसलेले असतात आणि वस्तीतले चटईवर.

एस्तरक्का चटईवरही बसायची नाही. ती दाराशी असायची, चपलांपाशी. माहेर तिचं अफझलपूरकडच्या करजगीचं. वस्तीत दिली होती. मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला, तेव्हा कुठल्यातरी पाळकसाहेबांनी तिला चर्चच्या मागची खोली दिली आणि बदल्यात झाडलोट सांगितली. याच्यापुढे तिच्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. नाव मात्र राणीचं. बायबलातली एस्तेर राणी वस्तीच्या तोंडात एस्तरक्का झाली आणि शिंदीचा झाडू घेऊन फिरू लागली.

उपासना चालू असताना बाहेर पडलेल्या शंभरेक चपला ती जोडीने लावून ठेवायची. चपलेवरून तिला माणूस कळायचा. "मास्तर, डावी टाच झिजायली तुमची. गुडघा दाखवा कुनाला तरी," असं ती मला भर मंडळीत ऐकवायची. तिचं खरं निघायचं. आमच्या ज्येष्ठ पंचांना, दानिएल अप्पांना, एकदा म्हणाली, "अप्पा, नवी चप्पल घेतलीव, पर जुनीच चाल चालायलाव." दानिएल अप्पा तहसील कचेरीतून मोठे कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांना असं बोलणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. ते हसले नाहीत. पुढच्याच बैठकीत त्यांनी वेदीवरच्या मेणबत्त्यांचा विषय काढला.

त्या मेणबत्त्यांचं असं होतं. विझलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे एस्तरक्का गोळा करायची, चुलीपाशी वितळवायची आणि आपल्या टाचांच्या भेगांत भरायची. भेगा तरी कसल्या, बोटाचं पेर आत जाईल अशा. आयुष्यभर अनवाणी चालली ती. दुसऱ्यांच्या चपला लावणाऱ्या बाईला स्वतःची चप्पल नव्हती, यातलं विचित्रपण आमच्यापैकी कुणाला कधी जाणवलं नाही. वेदीवरचं मेण पायाला लावणं हा वेदीचा अपमान आहे, असं दानिएल अप्पांनी बैठकीत मांडलं आणि मी ते इतिवृत्तात लिहून घेतलं. तिला बोलावून समज दिली. ती म्हणाली, "बरं अप्पा, न्हाई घेनार." आणि घेत राहिली.

तिचं खरं काम झाडलोटीचं नव्हतं. मंडळीत कुणीही बाई वारली की न्हाऊ घालायला एस्तरक्का लागायची. कंपाउंडातली असो, वस्तीतली असो, महिनाभर अंथरुणाला खिळून चिघळलेली असो. निरोप गेला की ती हातातला झाडू ठेवायची, बिब्ब्याएवढी तंबाखू गालात धरायची आणि चालू लागायची. मयताच्या घरात पाऊल टाकलं की तिची भाषा बदलायची. एरवी आम्हाला 'मास्तर, तुमी' म्हणणारी ती तिथे सगळ्यांना एकेरीत घ्यायची. पाणी आण, दार लाव, तू रडायलीस कामून, हो बाहेर. कुणाची हिंमत व्हायची नाही.

माझी आई गेली तेव्हा हे मी घरात अनुभवलं. आई जुन्या नर्सपैकी, शिस्तीची, स्वच्छतेची फार. एस्तरक्काला चहा द्यायची तो कान तुटलेल्या वेगळ्या कपात, आणि तो कप मागच्या मोरीच्या कट्ट्यावर पालथा असायचा. हे सगळं आमच्या घरात इतकं सहज होतं की मला त्या कपाची लाज वाटायला आई मरावी लागली. एस्तरक्काने आईला दीड तास न्हाऊ घातलं. मग आम्हाला आत घेतलं. आमच्यात मयताला पांढरे मोजे घालतात. मी मोजे घेऊन पुढे झालो तर तिने माझं मनगट धरलं.

"थांब. पाय ऱ्हायल्यात."

"उशीर होतोय एस्तर, पाळकसाहेब येऊन बसलेत."

"बसू दे. मोजे घातल्यानं पाय निघत न्हाई. हितनं म्होरं तिला देवापतुर चालत जायचंय, तुझ्या फटफटीवर न्हाई."

तिने वजरी घेतली आणि आईच्या टाचा घासायला बसली. पाय शेवटी, हा तिचा नेम होता, आणि पायाला ती सगळ्यात जास्त वेळ घ्यायची. घासता घासता आईशी बोलत होती: "बाई, तुमच्या घरचा च्या लई बेस. कपाला कान तेवढा पायजे व्हता." बायकोने, सुशीलाने, माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तिने आईचे पाय पुसले, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या केल्या आणि मग मोज्यांसाठी माझ्यापुढे हात केला.

आता त्या गुरुवारचं सांगायला हवं. टाळत होतो, पण त्याच्याशिवाय एस्तरक्का पुरी होत नाही.

उत्तम शुक्रवाराच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, आमचे पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. बाराही एकाच घंगाळात. ते पितळी घंगाळ मिशनच्या काळापासूनचं आहे आणि त्यातलं पाणी मधे बदलायचं नाही, असा जुना दंडक आहे. पहिल्याच्या पायाचं पाणी बाराव्याच्या पायाला लागलं पाहिजे, त्यातच सगळा अर्थ, असं आमचे वडीलधारे सांगत. सुंदर पद्धत आहे. फक्त बारा जणांची यादी पंच करत आणि मी लिहीत असे, आणि त्या यादीत ओढ्यापलीकडचा माणूस अजून कधी आला नव्हता. आणि यादीतले बाराही जण त्या दिवशी दुपारीच घरी साबण लावून पाय धुऊन येत. दानिएल अप्पांची सून त्यांच्या टाचा वजरीने घासून खोबरेल लावून द्यायची. असे लखलखीत पाय पाळकसाहेब वाकून धुवायचे आणि लोकांचे डोळे भरून यायचे. पाणी तापवून घंगाळ आणून ठेवायचं काम एस्तरक्काचं.

त्या वर्षी पाळकसाहेब नवे होते, तरुण. ते म्हणाले, यंदा एस्तरक्का यादीत हवी. बैठक दोन तास चालली. शेवटी ठरलं की बसवायचं, पण बारावी. म्हणजे तिच्यामागून कुणी नाही. हा तोडगा माझा होता. त्याबद्दल माझी पाठही थोपटली गेली.

तिला मी सकाळीच सांगितलं होतं. ती नुसतं "माजे?" म्हणाली. पण ईस्टर तोंडावर होता आणि कबरी साफ करून चुना मारायचं कामही तिच्याकडेच. दिवसभर ती कबरस्तानात होती. तिथून थेट येऊन पाणी तापवलं, घंगाळ आणून ठेवलं, पदराने तोंड पुसलं आणि दाराशी उभी राहिली. पाय धुऊन यायचं असतं हे तिला कोण सांगणार? पाय धुतात तिथे पाय धुऊन का जायचं, हे तिला कळलंही नसतं.

पाळकसाहेबांच्या आमचा क्रम ध्यानात होता की नाही, देव जाणे. ते उठले, दारापर्यंत गेले, तिचा हात धरून आणलं आणि तिला पहिल्या खुर्चीवर बसवलं. दानिएल अप्पा दुसऱ्या खुर्चीवर सरकले.

मी टॉवेल धरून शेजारीच उभा होतो. मला तिचा चेहरा दिसत होता. तोंडाळ बाई ती, पण तेव्हा तिचे ओठ मिटले होते आणि दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते. पाळकसाहेबांनी तिचा उजवा पाय घंगाळात घेतला. तांबडी माती सुटायला लागली. चुना सुटला. भेगांतलं मेण पांढरं दिसायला लागलं. पाळकसाहेब घाई न करता धूत होते, अंगठ्याने टाच चोळत होते, आणि पाणी आमच्या माळावरच्या मातीच्या रंगाचं झालं. अकरा जण त्या पाण्याकडे बघत होते. पाळकसाहेबांनी उजवा पाय पुसून खाली ठेवला आणि डाव्याला हात घातला.

"पाणी बदला," दानिएल अप्पा म्हणाले. त्यांनी आपले पाय खुर्चीखाली घेतले होते.

पाळकसाहेबांनी वर बघितलं. पुढच्या रांगेतून आणखी कुणीतरी म्हणालं, बदला, बदला. मग सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण व्यवस्था माझ्याकडे होती. आणि मी, आयुष्यभराच्या सवयीने, जिला सांगायचं तिलाच सांगितलं.

"एस्तर, पाणी बदल."

तीही सवयीनेच उठली. पाळकसाहेबांच्या हातातून तिचा पाय सुटला. तिने ते जड घंगाळ कमरेवर घेतलं आणि चालू लागली. फरशीवर एका पायाचा ओला स्वच्छ ठसा उमटत होता आणि एकाचा तांबडा. बाहेर निंबाच्या बुडाशी पाणी ओतल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. तिने घंगाळ घासून नवं पाणी आणलं, ठेवलं, माझ्या हातातला टॉवेल घेतला आणि उभी राहिली. पुन्हा बसली नाही. बस असं तिला कुणी म्हणालंही नाही. पाळकसाहेबांनी उरलेल्या अकरा जणांचे पाय धुतले. ती एकेकाचे पाय पुसत गेली. दानिएल अप्पांचे पाय पुसताना तेवढं म्हणाली, "अप्पा, ह्येला काय धुयाचं? ह्ये धुवूनच आनल्यात की." नंतर तिने फडकं आणून फरशीवरचे ठसेही पुसले. मी अहवालात लिहिलं, 'बारा जणांचे पाय धुण्यात आले.' मे महिन्यात पाळकसाहेबांची बदली झाली.

यानंतर दर वर्षी मी यादी लिहायला बसलो की ती खिडकीशी यायची. "मास्तर, औंदा तरी माजा दुसरा पाय हाय का यादीत?" विचारून मोठ्यांदा हसायची. मीही हसायचो. एका वर्षी तिने विचारलं आणि ती हसली नाही. मी तरीही हसलो.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दानिएल अप्पांच्या पत्नी घरातच गेल्या. दोन्ही मुलगे बंगळूरला अडकलेले, सून माहेरी. कंपाउंडातल्या एकाही घराचं दार उघडलं नाही. माझंही नाही. एस्तरक्का तोंडाला पदर बांधून गेली आणि एकटीने सगळं केलं. दानिएल अप्पा दोन-दोन मास्क लावून अंगणात उभे होते. खिडकीतून मला ते दिसत होते, पंच नाही की कारकून नाही, नुसता एक म्हातारा माणूस. काम आटोपून ती पायरीवर आली, हात धुतले आणि त्यांना म्हणाली, "झालं. अक्का ग्वाड दिसायल्यात. आनि अप्पा, पानी दोनदा बदललंय बरं का."

सगळ्या कंपाउंडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. क्रूर होतं ते. तीन तासांपूर्वी बायको गेलेल्या माणसाला असं बोलू नये. दानिएल अप्पा खालीच बसले. पण मला त्या क्षणी दया त्यांची आली नाही. आपलं दार बंद आहे याचं बरं वाटलं.

पुढे तिलाही तोच आजार झाला. त्यातून ती उठली, पण पहिली राहिली नाही. दम लागायचा. एका सकाळी आमच्या घरी आली आणि सरळ सुशीलापुढे बसली.

"सुशीलाक्का, मी सगळ्यायचं केलं. माजं कोन करनार?"

"असं कशाला बोलायलीस एस्तर?" सुशीला म्हणाली.

"बोलायले न्हाई, इचारायले. वस्तीतल्या बाया करत्याल, त्येंचं काय न्हाई. पर मला कंपाउंडातलं मानूस पायजे. मी तुमच्या सासूचं केलंय. माजं तुमी करा. येत नसंल तर शिकवते."

आणि तिने शिकवलं. आमच्या व्हरांड्यात, माझ्यासमोर, सुशीलाचाच हात हातात घेऊन. पाणी कोमट, निंबाचा पाला टाकून. आधी तोंड, मग उजवा हात. कूस बदलताना मानेखाली हात हवा. पाय शेवटी. "एक पाय पाळकसायबानं धुतलाय, त्येचं काय न्हाई. ह्यो डावा तेवढा नीट घासा. ध्यानात ऱ्हाईल न्हवं?" सुशीलाचे डोळे भरले होते. "व्हय एस्तरक्का, करीन की," ती म्हणाली. अक्का तिने त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. एस्तरक्का त्या दिवशी आमच्याकडे चहा प्यायली, कान असलेल्या कपात. जाताना तिने तो विसळला आणि मोरीच्या कट्ट्यावर पालथा घातला.

गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी चर्च झाडलेलं दिसलं नाही म्हणून मागे जाऊन बघितलं, तर ती खोलीत गेलेली. शेजारी मेणाची वाटी होती. कबर दुपारपर्यंत तयार झाली. वस्तीतल्या बायकांनी तोवर तिला बाजेवर घेतलं, पाणी तापवलं, निंबाचा पाला टाकला आणि भिंतीला टेकून बसून राहिल्या.

मी म्हटलं, "करा की आता सुरू."

त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "आमी न्हाई मास्तर. तिनं सांगून ठिवलंय, सुशीलाक्का करनार म्हनून. आमी हात लावायचो न्हाई."

मी घरी आलो. सुशीला पलंगावर बसली होती. तिने साडी बदललेली होती, पदर खोचलेला होता. म्हणाली, "मी दोनदा दारापर्यंत गेले. माझ्यानं व्हायचं नाही हो. तिचे ते पाय आठवतात." मी आणखी तीन घरी विचारलं. एकीचा रक्तदाब वाढला होता. एकीच्या घरी लग्न होतं, हळद दळायची होती. दानिएल अप्पांच्या सुनेने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली, मग मीच परत फिरलो.

तिकडे पाणी निवलं. बायकांनी पुन्हा तापवलं, पुन्हा निवलं. उन्हाळ्याचे दिवस, जास्त थांबता येत नव्हतं. आताच्या पाळकसाहेबांना साडेचारला मन्नाएखेळ्ळीला लग्न लावायचं होतं, ते सारखे घड्याळ बघत होते. मी पुन्हा त्या म्हातारीला म्हटलं, "तुम्हीच करा आता." ती म्हणाली, "तिची जबान हाय मास्तर. ती आमच्यानं मोडायची न्हाई." सगळ्या जणी माझ्याकडे बघत राहिल्या. व्यवस्था माझ्याकडे होती.

"वेळ होतोय," मी म्हटलं. "वरून पांढरी साडी गुंडाळा आणि पेटीत घ्या."

त्यांनी तसं केलं. मोजे मात्र कुणी हातात घेईना. मी आणलेले होते, मीच पुढे झालो. मनगट धरायला कुणी नव्हतं. मी तिचे पाय इतक्या जवळून त्या गुरुवारनंतर बघितले नव्हते. दोन्ही पायांवर तांबडी माती होती, दोन्ही टाचांच्या भेगांत मेण होतं. पाळकसाहेबांनी धुतलेला कोणता आणि राहिलेला कोणता, ते मला ओळखता आलं नाही. मोजा टाचेशी अडकत होता, भेगांत धागे ओढले जात होते. मी जोर लावून दोन्ही चढवले.

पेटी उचलण्याआधी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, तिच्या नम्र सेवेबद्दल देवाचे आभार मानले. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मी उघडून बघितलं. दोन्ही मोजे टाचेशी मातीने तांबडे व्हायला लागले होते. आमेन झालं तसं मी झाकण लावायला सांगितलं.